तुझ्या आजीबद्दल लिहिताना

चिपळूण

चि. सोनू,


आजीच्या वर्षश्राद्धाला छापायचा तुझा लेख वाचला. मनापासून लिहिलं आहेस. पण ‘त्यागमूर्ती’, ‘मायेचा सागर’ हे शब्द कुणाच्याही आजीला लावता येतात. माझी आई कामात वाकबगार होती, हिशेबाला पक्की होती, निसर्ग ओळखून होती. ती बाई तुझ्या लेखात दिसली पाहिजे, म्हणून हे पत्र.

तुझे आजोबा मुंबईला गिरणीत. इथे पेठमापात आई, आम्ही भावंडं आणि महिन्याची मनिऑर्डर. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनिऑर्डर थांबली. त्या उन्हाळ्यात आईने रातांबे विकत घेऊन आमसुलं करायला घेतली. आमसुलं सगळ्याच घरी होत, पण तिच्यासारखी कुणाची होत नसत. रातांबे फोडून सालं वेगळी करायची, गरात मीठ घालून रस सुटू द्यायचा. सालं रात्रभर त्या रसात, दिवसभर उन्हात, संध्याकाळी पुन्हा रसात. अशी चार-पाच पुटं. लोक दोन पुटांवर थांबत, कारण ओलसर माल वजनाला जास्त भरतो. आई थांबत नसे. एकेक साल बोटांत दाबून बघायची. चिकटपणा हवा, पण बोट ओलं होता कामा नये. बियाही फुकट जात नसत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल ती काढून घ्यायची आणि थिजलं की त्याची मुटकी वळायची. भेगाळलेल्या टाचांना त्याच्यासारखं औषध नाही. सगळा माल मे महिन्यात विकायची घाई तिने कधी केली नाही. निम्मा बरणीत दाबून ठेवायची आणि पावसाळ्यात भाव चढला की बाहेर काढायची.

त्या वर्षी मला शाळेतून काढायचं घरात घाटत होतं. आईने आमसुलांच्या पैशांतून माझी फी भरली आणि पावती देवघरात ठेवली. त्यावर कुणी काही बोललं नाही. शाळा चार यत्ता शिकलेली बाई ती! मी वाचन मंदिरातून पुस्तकं आणायची आणि ती रात्री कंदिलाशी बसून वाचायची. माझ्या आधी तिची वाचून होत.

आणि पूर. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते, कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही याच नदीत येतं. उधाणाची भरती असली की खाडी पाणी घेत नाही आणि घाटावर कोसळलेला पाऊस गावात तुंबतो. हे आईला कुणी शिकवलं नव्हतं. पावसाचा जोर धरला की ती आधी तिथी बघायची. 22 जुलै 2021 ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. आदल्या रात्री ऐंशी ओलांडलेली तुझी आजी म्हणाली, “भरती लागायची आहे अजून. तांदूळ नि कागदपत्रं माळ्यावर न्या.” आम्ही नेली. पहाटे तळमजला पाण्याखाली गेला. तांदूळ राहिले, घराचे कागद राहिले, पण खालच्या कपाटातले सगळे फोटो गेले. 1864 साली सुरू झालेल्या आपल्या वाचन मंदिरातली पुस्तकंही त्याच पुरात भिजली.

म्हणजे तरुणपणची आई आता कुठल्याच फोटोत नाही. पुढच्या मुलांना ती कळेल ती तू लिहिशील त्यातूनच. त्यांना तिचं काम कळू दे, तिचे निर्णय कळू देत, तिचा रागही. प्रेमळ होती का? होती, खूप होती. पण ते ती बोलून दाखवत नसे आणि तुझा लेख तेवढंच बोलतो.

वर्षश्राद्ध श्रावणात आहे, वेळ आहे. मे महिन्यात रातांबे पिकले की आठवडाभर इकडे ये. आईच्या पद्धतीने पुटं कशी द्यायची ते तुला शिकवते. लेख त्यानंतर लिही.

तुझी,
आत्या