तपासनीस आणि श्रद्धेचा अधिकार
अमेरिकेत १९९३ साली सुरू झालेल्या ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेत एफबीआयचा तपास अधिकारी फॉक्स मल्डर परग्रहवासीयांवर विश्वास ठेवणारा, तर त्याची सहकारी डॉ. डेना स्कली संशयवादी, म्हणजे पुराव्यावाचून काहीही न मानणारी, अशी विभागणी वरवर दिसते. परंतु स्कलीच्या गळ्यातला सोन्याचा छोटा क्रूस ती डळमळीत करतो. १९९५ च्या ‘रेव्हलेशन्स’ या भागात एका मुलाच्या हातांवर स्टिग्माटा, म्हणजे ख्रिस्ताच्या जखमांसारखे व्रण, उमटतात, तेव्हा कॅथलिक स्कली चमत्काराची शक्यता स्वीकारते आणि उडत्या तबकड्यांबाबत एरवी इतका उदार असलेला मल्डर मात्र ती तुटकपणे झटकून टाकतो. येथे प्रश्न पुरावा किती आहे हा राहत नाही, पुरावा कशाला म्हणायचे हा होतो. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये मांडले होते की, जो निर्णय टाळता येत नाही आणि निव्वळ बुद्धीने सुटतही नाही, तेथे माणसाच्या आंतरिक ओढीला कौल देण्याचा अधिकार आहे. मल्डरच्या कचेरीतले ‘आय वाँट टू बिलीव्ह’ (मला विश्वास ठेवायचा आहे) असे लिहिलेले तबकडीचे प्रसिद्ध पोस्टर ज्ञानाचा दावा करीत नाही, केवळ ही ओढ जाहीर करते, आणि म्हणूनच ते (मालिकेतील कित्येक लांबलचक संवादांपेक्षा) तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहे. मात्र जेम्स यांची मुभा स्वतःसाठी घेणारा मल्डर ती स्कलीला नाकारतो, तेव्हा त्याचा मोकळेपणा निवडक ठरतो.