चारशे पाहुणे आणि एक वही

येवल्यात दोन भाऊ राहत होते. थोरला मागावर बसायचा, धाकटा विक्री बघायचा. घरात दोन हातमाग, बंगळुरूचं रेशीम, सुरतची जर आणि पैठणीखेरीज दुसरा धंदा नाही. साधी पैठणी मागावरून उतरायला महिना-दीड महिना लागतो, पदर भरगच्च असला तर सहा महिनेही जातात. थोरल्याची बायको कांड्या भरायची, साड्यांच्या घड्या घालायची आणि फोन घ्यायची. फोनवर कोण बोललं, कुठल्या गावचं, लग्न कुणाचं, रंग कुठला विचारला, हे सगळं ती एका जाड वहीत लिहून ठेवायची. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. "तीच बाई चार महिन्यांनी परत फोन करते, तेव्हा तिचं नाव आपल्याला ठाऊक असायला हवं," एवढंच तिचं म्हणणं.

२०१४ साली धाकट्याने पैठण्यांची वेबसाइट काढली आणि किती लोक येतात ते कळावं म्हणून तिला गूगल अ‍ॅनालिटिक्स जोडलं. रोज चाळीसेक माणसं यायची. पुण्याची, नाशिकची, इंदूरची, एखाददुसरं अमेरिकेतलं मराठी घर. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबायचा. पैठणी कशी धुवायची, कशी ठेवायची, घडी कधी मोडायची हे वहिनीने सांगितलेलं आणि धाकट्याने लिहून काढलेलं एक लांबलचक पान होतं. लोक सर्वांत जास्त वेळ त्याच पानावर असायचे.

२०१५ उजाडलं आणि आकडा चढू लागला. चाळीसचे शंभर झाले, शंभराचे चारशे. देशांच्या यादीत रशिया आणि ब्राझील वर आले, शहरांत समारा नावाचं रशियन शहर दिसू लागलं. पाहुणे कुठून आले या रकान्यात सेमाल्ट, दारोदार, बटन्स फॉर वेबसाइट अशी नावं होती. त्यातल्या एका नावावर धाकट्याने क्लिक केलं, तर तो परदेशातल्या भलत्याच खरेदीच्या साइटवर जाऊन पोचला. तिथे पैठणीचा उल्लेखही नव्हता. त्याने ते मनावर घेतलं नाही. आकडा रोज वाढत होता आणि वाढता आकडा बघणाऱ्याला शंका घ्यायची इच्छा होत नाही.

त्याने दादाला सांगितलं, "आपली साडी परदेशात बघतायत. तिकडच्यांना फिकट रंग आवडतात. या वेळी दोन्ही मागांवर फिकट ताणा चढवू."

थोरल्याच्या मनात राणी रंग होता. पण धाकट्याने मोबाइलवर आलेख दाखवला आणि थोरला गप्प झाला. ताणा एकदा मागावर चढला की तो संपेपर्यंत रंग बदलता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. व्यापाऱ्याकडून फिकट रेशीम उधारीवर आलं आणि एका मागावर ताणा चढलाही.

त्याच सुमारास धाकट्याला दुसरी काळजी लागली. माणसं चारशे झाली होती, पण थांबण्याचा सरासरी वेळ तीन मिनिटांवरून अठरा सेकंदांवर घसरला होता. त्याला वाटलं, आपली पानं कंटाळवाणी आहेत. ते धुण्या-ठेवण्याचं लांबलचक पान काढून टाकायचं त्याने ठरवलं.

वहिनीला ते पान जाणार हे कळलं तेव्हा ती वही घेऊन आली. "भाऊजी, मला तुमचं कॉम्प्युटरचं कळत नाही. पण हे बघा. गेल्या महिन्यात सव्वीस जणांनी फोन केला, या महिन्यात चोवीस जणांनी. तुमच्याकडे माणसं दहापट झाली. मग त्यातलं एकही 'केवढ्याला दिली' असं कसं विचारत नाही?"

या गोष्टीत मला वहिनीचा हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. तिने आकडा खोटा आहे असं म्हटलं नाही. तिच्याजवळ त्याच धंद्याची दुसरी मोजदाद होती, ती तिने शेजारी ठेवली आणि दोन्हींचा मेळ लागत नाही एवढंच दाखवलं. मेळ न लागणं हीच चौकशीची जागा असते.

धाकट्याला उत्तर देता आलं नाही. नाशिकला वेबसाइटचीच कामं करणारा एक भाचा होता, त्याला बोलावलं. त्याने आधी सर्व्हरचा लॉग उघडला. साइटवरचं कुठलंही पान कुणी मागितलं की सर्व्हर त्याची एक ओळ लिहून ठेवतो: कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता, कुठलं पान, कुठल्या ब्राउझरने. भाच्याने अ‍ॅनालिटिक्समधला एक दिवस आणि लॉगमधला तोच दिवस समोरासमोर धरले.

"मामा, हे चारशेतले बरेचसे तुमच्या साइटवर आलेच नाहीत."

"आले नाहीत म्हणजे? इथे लिहिलंय की."

"लिहिलंय, पण ते तुमच्या साइटने लिहिलेलं नाही. गूगलने तुमच्या खात्याला एक क्रमांक दिलाय. यूए, मग काही आकडे, मग एक. ही नावं पेरणारे लोक प्रोग्राम लावून असे क्रमांक ओळीने धरतात आणि 'या खात्यावर एक माणूस आला' अशी नोंद थेट गूगलकडे पाठवतात. लग्नाला न येता आहेराच्या वहीत नाव लिहून जावं, तसं. सेमाल्टसारखे काही बॉट खरोखर पान उघडतात, पण तिथेही माणूस नसतो."

"त्यांना काय मिळतं यातून?"

"तुम्ही त्या नावावर क्लिक केलंत ना? तेच मिळतं. हजारो वेबसाइटवाले कुतूहलाने क्लिक करतात. मग ही नावं पेरणाऱ्यांच्या साइटला खरी माणसं मिळतात, जाहिरातीचे किंवा दलालीचे पैसे मिळतात. ते तुमची साडी बघायला आलेच नव्हते, मामा. तुम्ही त्यांच्याकडे यावं म्हणून आले होते."

मग त्याने अठरा सेकंदांचा हिशेब मांडला. चाळीस खरी माणसं तीन-तीन मिनिटं थांबली, म्हणजे एकशे वीस मिनिटं झाली. तीनशे साठ खोट्या नोंदींचा वेळ शून्य. एकशे वीस मिनिटं चारशेंत वाटली की प्रत्येकाला अठरा सेकंदच येतात. पान कंटाळवाणं झालंच नव्हतं, खरी माणसं पूर्वीइतकीच थांबत होती. त्यांचा वेळ न आलेल्यांत वाटला गेला होता. खोट्या गर्दीने गिऱ्हाईक जास्त दाखवलं तेवढ्यावर भागलं नाही, चांगलं पानही वाईट ठरवलं. ही दुसरी इजा अधिक मोठी, कारण तिच्यापायी माणूस स्वतःच्या हाताने आपलं चांगलं काम मोडायला निघतो.

भाच्याने होस्टनेमचा, म्हणजे नोंद कुठल्या साइटच्या नावाने झाली त्याचा, रकाना काढून दाखवला. खऱ्या भेटींपुढे त्यांच्या साइटचं नाव होतं, न आलेल्या भुतांपुढे 'नॉट सेट' किंवा कुठल्यातरी परक्या साइटचं. आपल्या साइटचं नाव असलेल्याच नोंदी घ्यायच्या असा फिल्टर त्याने लावला, सेमाल्टसारख्या खऱ्याखुऱ्या येणाऱ्या बॉटसाठी वेगळा. गूगलने २०१४ सालीच ओळखीचे बॉट वगळण्यासाठी खूण करायची सोय दिली होती, ती खूणही केली, पण तेवढ्याने ही भुतं अडत नव्हती. फिल्टर लावलेल्या दिवसापासून पुढचंच साफ होतं, मागची घाण तशीच राहते. आणि एकदा गाळलेली नोंद परत मिळत नाही, म्हणून एक प्रत फिल्टरशिवाय चालू ठेवली.

उरली चाळीस माणसं.

धाकटा ओशाळला. वहिनी म्हणाली, "अहो, चाळीस माणसं आपल्या घरी रोज येतात, ही काय कमी गोष्ट आहे? आलेल्या माणसाची नीट विचारपूस करा. न आलेल्यासाठी घर रंगवू नका." दुसऱ्या मागावर राणी रंग चढला. पहिल्या मागावरचा फिकट ताणा तसाच विणावा लागला आणि त्यातल्या साड्या जायला दोन लग्नसराया गेल्या. व्यापाऱ्याची उधारी त्याहून थोडी आधी फिटली, तीही राणी रंगाच्या साड्यांवर.

नोव्हेंबर २०१६मध्ये नोटाबंदी झाली. रोख रकमेवर चालणारं गिऱ्हाईक थबकलं, वहिनीच्या वहीचं पान जेमतेम भरू लागलं. नेमक्या त्याच महिन्यात साइटचे पाहुणे पुन्हा उसळले. या वेळी घाण भाषेच्या रकान्यात होती. तिथे माणसाची भाषा दिसायला हवी, तर दिसत होतं इंग्रजीतलं आमंत्रण: ट्रम्पना मत द्या. सोबत गूगलसारखाच दिसणारा एक पत्ता, त्याचं पहिलं अक्षर तेवढं वेगळं. जगभरच्या साइटवाल्यांच्या खात्यांत त्या दिवसांत हाच मजकूर येऊन पडला होता.

धाकट्याने या वेळी क्लिक केलं नाही. वही मागवली, दोन्ही मोजदादी शेजारी ठेवल्या आणि भाच्याला फोन लावला. भाषेची खरी खूण बहुधा चार-पाच अक्षरांत मावते, त्याहून खूपच लांब काही आलं तर ते माणसाचं नाही. पाच मिनिटांत नवा फिल्टर लागला. उरलेल्या दुपारी त्याने वहीतल्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले, रोख नसेल तर साडी राखून ठेवतो, सवडीने द्या, असं सांगितलं. त्यातल्या काहींनी डिसेंबरात पैसे पाठवले.

१ जुलै २०२३पासून गूगलने ते जुनं अ‍ॅनालिटिक्स थांबवलं. नव्यात ओळखीचे बॉट आपोआप गाळले जातात आणि बाहेरून नोंद पाठवायच्या अधिकृत मार्गाला गुप्त किल्ली लागते. तरी बिनओळखीचे बॉट येतातच. इम्पर्वा या कंपनीच्या अहवालानुसार २०२४ साली वेबवरच्या एकूण वर्दळीतली ५१ टक्के यंत्रांची होती. आता वहिनीची सूनही फोन घेते आणि त्याच पद्धतीने वही लिहिते. महिन्याच्या शेवटी धाकटा पडद्यावरचे आकडे वाचतो, ती वहीतले वाचते, आणि जिथे मेळ लागत नाही तिथे दोघं लॉग उघडून बसतात. रेशमाची ऑर्डर त्यानंतरच जाते.