आठवड्याची गोळी आणि आप्तवाक्य

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आपण घेतो, ती श्रद्धेने की समजून? बहुतेक औषधांच्या बाबतीत या प्रश्नावाचून काही अडत नाही. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत अडतं, आणि कधी कधी जिवावर बेततं. ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस या संधिवातात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी तास-तासभर बोटं वळत नाहीत आणि उपचार झाले नाहीत तर सांधे कायमचे वाकडे होतात. या आजारावर जगभर बहुधा सर्वांत आधी दिलं जाणारं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते जुनं आहे, स्वस्त आहे, गुणकारी आहे. फक्त ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. तीच गोळी रोज घेतली गेली तर थोड्याच दिवसांत तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं, जंतुसंसर्ग आवरेनासा होतो आणि माणूस दगावू शकतो. असे मृत्यू अनेक देशांत नोंदले गेले आहेत. ही चूक करायला बेफिकीर असावं लागत नाही. बीपीची गोळी रोज, साखरेची रोज, थायरॉइडची रोज, तेव्हा हीही रोजचीच असणार, असं समजून घरातलं एखादं माणूस निष्ठेने डबी भरतं आणि रुग्ण तितक्याच निष्ठेने गोळी गिळतो. डॉक्टरांवरच्या विश्वासात इथे काहीच कमी नसतं.

म्हणून विश्वास म्हणजे नेमकं काय, हे विचारायला हवं, आणि त्यासाठी आपल्याकडच्या तर्कशास्त्राइतकी सोयीची जागा दुसरी नाही. न्यायदर्शनाने शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानलं, पण सरसकट प्रत्येक शब्दाला नव्हे, आप्ताच्या शब्दाला. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्त कोण हे सांगितलं आहे. त्याचा आशय असा की ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. यात पद, वय, कुळ काही नाही. उलट ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण तेच, असं तो पुढे म्हणतो. त्याहून नवलाची गोष्ट न्यायसूत्रांत आहे. वेद प्रमाण का मानायचे, हे सिद्ध करताना सूत्रकार गौतम दाखला देतो तो मंत्रांचा आणि आयुर्वेदाचा. वैद्यकाचं सांगणं अनुभवाला उतरतं, ते सांगणारे आप्त होते म्हणून, तसंच वेदांचं. म्हणजे धर्मावरच्या श्रद्धेतून औषधावरचा विश्वास उसना घेतलेला नाही. या परंपरेत तरी औषधावरचा विश्वास आधी, आणि त्याच्या टेकूवर श्रद्धेचा युक्तिवाद उभा. ‘देवावर भरवसा ठेवतो तसा डॉक्टरवर ठेवा’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा गौतमाचा क्रम उलटा करतो.

आप्ताच्या लक्षणातली दुसरी अट, सांगण्याची इच्छा, मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. जाणकार असणं पुरेसं नाही. जाणलेलं ऐकणाऱ्याच्या पदरात पडलं पाहिजे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच का, याला कारण आहे. रक्तातून ते काही तासांतच कमी होत जातं, पण पेशींच्या आत त्याला साखळीसारखे रेणू जोडले जातात आणि त्या रूपात ते बराच काळ मुक्काम करतं. सांध्यांवरचा परिणाम टिकतो तो या मुक्कामामुळे. रोज गोळी घेतली की पेशींना सावरायला उसंत मिळत नाही. फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामात हे औषध अडथळा आणतं, म्हणून सोबत फॉलिक ॲसिड देतात, बहुतेकदा मेथोट्रेक्सेटचा वार सोडून. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळसर असू शकतात, आणि त्यांची अदलाबदल हा काही काल्पनिक धोका नाही. एवढं तीन-चार वाक्यांत सांगता येतं. ते ज्याला कळलं त्याच्या लेखी आठवड्याचा नियम म्हणजे नुसता हुकूम उरत नाही, आणि कारण कळलेला नियम सहसा विसरला जात नाही. ‘आठवड्यातून एकदा’ असं मोघम न लिहिता ‘दर सोमवारी’ असा वार लिहावा, हे साधं वाटणारं पथ्य ब्रिटनमध्ये पाळलं जातं. युरोपच्या औषध-नियामक संस्थेनेही २०१९मध्ये साप्ताहिक मात्रेबाबतच्या चुका टाळण्यासाठी वेष्टनावरच्या ठळक इशाऱ्यासह अनेक उपाय सुचवले. अपुरं वाक्य खोटं नसतं, पण न्यायाच्या कसोटीवर ते आप्तवाक्यही ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो रुग्णाच्या बाजूने, आणि तो हलका नाही. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एका माणसाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. चिठ्ठी इंग्रजीत, अक्षर डॉक्टरी, काउंटरवर गर्दी. अशा जागी रुग्णाने ज्ञानी व्हावं ही अपेक्षा म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणं. त्याने सांगितलेलं ऐकावं, एवढंच त्याच्या हाती आहे. आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. वाक्य पुरं करण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची, लिहिणाऱ्याची आणि काउंटरपलीकडच्या मेडिकलवाल्याची आहे. दुसरा भाग मात्र चरकालाही मान्य झाला नसता. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितले आहेत, वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण, आणि प्रत्येकाला चार-चार गुण. रुग्णाचे गुण म्हणजे स्मरण, सांगितल्याप्रमाणे वागणं, न घाबरणं आणि आपल्याला काय होतंय ते सांगता येणं. आज्ञाधारकपणा या चारांपैकी एक आहे, चारही नव्हे.

हे चार गुण मेथोट्रेक्सेटला इतके चपखल बसतात की चरकासमोर हीच गोळी होती की काय असं वाटावं. स्मरण वाराचं. आज्ञापालन धीराचं, कारण गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. वेदना थांबली नाही म्हणून महिनाभरात सोडून देणारे पुष्कळ, आणि त्यांचे सांधे त्या काळात झिजतच असतात. न घाबरण्याचा गुण आज सर्वांत दुर्मीळ झाला आहे. मोबाइलवर नाव टाकलं की ‘कॅन्सरचं औषध’ असं दिसतं आणि हातपाय गळतात. माहिती खोटी नाही. या कुळातल्या ॲमिनोप्टेरिनने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला तात्पुरता उतार पडतो, हे सिडनी फार्बर यांनी १९४८मध्ये बॉस्टनला दाखवलं. पण कर्करोगात मेथोट्रेक्सेटची मात्रा कधी कधी ग्रॅममध्ये मोजतात, संधिवातात आठवड्याला साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. मात्रा वगळून औषधाचं नाव वाचणं म्हणजे अर्धं वाक्य ऐकून उठणं.

चौथा गुण, सांगणं. इथे न्यायाचा विचार आणखी एक पाऊल पुढे नेता येतो, कारण दवाखान्यात रुग्णही आप्त असतो. त्याच्या शरीरात काय चाललंय याचं साक्षात ज्ञान त्यालाच. प्रश्न फक्त ते जसंच्या तसं सांगण्याच्या इच्छेचा. दारू घेतो हे लपवलं, शेजाऱ्याने दिलेली पुडी चालू आहे हे लपवलं, लघवीच्या त्रासासाठी दुसऱ्या डॉक्टरने ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी दिली आणि त्याला मेथोट्रेक्सेटबद्दल सांगितलंच नाही, तर यातली प्रत्येक गोष्ट घात करू शकते. शेवटची तर फार वेगाने, कारण दोन्ही औषधं फोलेटच्या कामावरच घाव घालतात. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो आणि मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून, काही महिने अगोदर औषध बंद करावं लागतं. नव्याने लग्न झालेल्या मुलीबरोबर सासू तपासणीला आलेली असते तेव्हा हा विषय त्या खोलीत कुणी काढत नाही. ना विचारलं जातं, ना सांगितलं जातं. डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही निष्ठेबद्दल शंका नाही, तरी शब्दप्रमाण तिथे तुटलेलं असतं.

दुसरा आक्षेप आप्ताच्या निःस्वार्थीपणाचा. आज औषधामागे कंपनी आहे, कंपनीमागे नफा. सांगणाऱ्याचा लोभ गृहीत धरावा अशीच परिस्थिती आहे, मग त्याच्या शब्दाला प्रमाण का मानायचं? याच्याच जोडीला ‘हे परकं औषध’ असंही म्हटलं जातं. त्याला वात्स्यायनाने म्लेंच्छांबद्दल जे म्हटलं ते पुरेसं आहे. शिवाय या औषधाच्या जन्मात भीमावरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या चमूचा मोठा वाटा होता, तेव्हा परकेपणाचा मुद्दा तसाही लंगडाच. लोभाची शंका मात्र रास्त आहे, आणि न्यायशास्त्रात संशयाला मानाचं स्थान आहे. न्यायाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, तो गणलेला आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण, बाध येईपर्यंत धरून चला. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरतं, कृती फळाला आली की. मेथोट्रेक्सेटसाठी दोन्ही एकेकटे अपुरे पडतात. बाध येईपर्यंत थांबावं, तर इथे बाध म्हणजे ढासळलेल्या रक्तपेशी. फळाची वाट पाहावी, तर ती दोन-तीन महिन्यांची. मधल्या काळात हात देतं ते अनुमान. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि मग दोन-तीन महिन्यांनी होणारी रक्ततपासणी, यकृताची आणि मूत्रपिंडांची तपासणी, म्हणजे धूर दिसतो का हे पाहणं, आग पेटण्याआधी. तोंडातले फोड, नवा कोरडा खोकला, दम लागणं, ताप, अंगावर उगाच उमटणारे निळे डाग हेही तसेच धूर आहेत. ते दिसले की पुढच्या वाराची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं. ‘तपासणी म्हणजे लॅबचा धंदा’ म्हणून ती टाळणारा स्वतःला संशयवादी समजतो, पण कंपनीच्या शब्दावर विसंबायचं नसेल तर त्याच्याजवळ असलेलं एकमेव स्वतंत्र प्रमाण तोच फेकून देत असतो.

तिसरा आक्षेप अध्यात्माच्या अंगणातला: भोग आहे तो भोगावा, गोळ्यांनी प्रारब्ध टळत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य ठरलेलं की न ठरलेलं यावर चर्चा आहे, आणि तिथे दैव व पुरुषकार दोघांनाही जागा आहे. सगळंच नियत असतं तर उपचारांना अर्थच उरला नसता, हा तिथला रोख. पण मला वाटतं, धार्मिक माणसाला या गोळीसाठी वादात जिंकण्यापेक्षा सोपी वाट उपलब्ध आहे. ज्या समाजाला सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी पाळण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, त्याला आठवड्याचा नियम परका नाही. सोमवारचा उपवास रोज केला तर पुण्य सातपट होतं असं कुणी मानत नाही. व्रताला मर्यादा असते आणि ती मर्यादाच व्रताचा गाभा असते. गोळीचा वार उपवासाच्या वारापासून वेगळा धरावा हे बरं, विशेषतः पाणीही न घेण्याचा नेम असेल तर. औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं आणि शरीर कोरडं पडलं की ते साचू लागतं. नेम मोडेल या धास्तीने जुलाब-उलट्या चालू असताना किंवा तापात गोळी रेटू नये, डॉक्टरांना विचारून ती थांबवावी.

साधर्म्य एका ठिकाणी मात्र संपतं. व्रत मोडलं तर धर्मशास्त्रात भरपाई असते, जास्तीचा जप, जास्तीचं दान. सोमवारची गोळी राहिली तर सर्वसाधारण सल्ला असा की एक-दोन दिवसांत आठवली तर घ्यावी, त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्यावी आणि पुढच्या सोमवारी नेहमीइतकीच घ्यावी, दुप्पट नाही. आणि चुकून जास्त घेतली गेली असं कळलं, तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. फॉलिनिक ॲसिड हा त्यावरचा उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.