आशा आणि कसोटी

अपत्यासाठी पूर्वी नवस बोलत, औदुंबराला प्रदक्षिणा घालीत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बालिका जन्मली आणि आशेला नवे दार उघडले. तथापि या उपचारातही काही स्त्रियांना भरपूर इंजेक्शने देऊनही दोन-तीनच स्त्रीबीजे हाती लागतात. वयाबरोबर बीजांचा साठा ओसरतो, हे त्याचे प्रमुख कारण.

अशा स्त्रियांना वृद्धिसंप्रेरक, टेस्टोस्टेरॉन यांसारखी जोड औषधे सुचविली जातात. ती गुणकारी आहेत काय, हे पाहण्यासाठी चिठ्ठ्या टाकून काहींना औषध व काहींना तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य द्यावे लागते. जिचे एकेक वर्ष मोलाचे, तिला जाणूनबुजून पोकळ इंजेक्शन देणे न्याय्य आहे काय?

हा आक्षेप हळवा आहे, खोटा नाही. परंतु औषध गुणकारीच आहे, असे तो आधीच धरून चालतो. आणि नेमके तेच तर ठाऊक नसते. वृद्धिसंप्रेरकाची १३० स्त्रियांवरील एक कसोटी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ठरविलेली संख्या गाठता न आल्याने ती निर्णायक नव्हे. पण दोन्ही गटांत मूल होण्याचे प्रमाण शेकडा चौदाच्या आसपासच राहिले. कसोटी दारे बंदच करते, असेही नाही. लेट्रोझोल या औषधाच्या वंध्यत्वावरील वापरास आपल्या सरकारने २०११ मध्ये बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरील कसोटीत, बीजकोशाच्या वेगळ्या विकारात, ते जुन्या औषधाहून सरस ठरले. २०१७ मध्ये येथील बंदी उठली.

आमच्या मते खरा भेद असा: कसोटीत संमती देणारीला आपल्या वाट्याला काय येईल हे अनिश्चित असल्याचे आधी सांगितलेले असते. न पारखलेले औषध विकत घेणारीही कसोटीच देत असते. फक्त तिला ते कोणी सांगत नाही आणि तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

सुभाष रोडवर साडी घेताना आपण पदर उलगडून पोत पाहतो. लेकी-सुनांना ‘आणखी एकदा करून पाहा’ म्हणणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी औषधाचीही तेवढी चौकशी करावी. आशा पवित्र खरी. म्हणूनच ती न पारखता विकली जाऊ नये.