आल्यापासून राबतंय कोण?

बसा खाली. सगळे. मागे उभं राहून कुजबुजू नका, आणि मोबाइल या टोपलीत टाका. हो, तुझाही. आईशी बोलायचं असेल तर माझ्या फोनवरून बोल.

पुण्याहून निघताना बॅनर धरून फोटो काढलात ना? काय लिहिलं होतं त्यावर? सेवा शिबिर, गोरखा, नेपाळ. मग सांगा, इथे आल्यापासून सेवा कोण कोणाची करतंय? पाणी कोण भरतं? आपण ज्यांच्या घरी उतरलोय त्या आमा आणि त्यांची सून. खालच्या धाऱ्यावर, म्हणजे पाण्याच्या धारेवर जायचं, गाग्री भरून ‘डोको’ या पाठीवरच्या टोपलीत ठेवायची, टोपलीचा पट्टा कपाळाला लावायचा आणि ती चढण चढायची. रिकाम्या हाताने चढताना तुम्ही वाटेत बसकण मारली होती, आठवतंय? आज सकाळी त्याच पाण्याच्या दोन-दोन बादल्या तुम्ही अंगावर ओतल्या. एका महाशयांनी तर चिखलाचे बूट धुतले.

बुटांवरून आठवलं. ते घालून चुलीपर्यंत कोण गेलं होतं? आणि पाण्याच्या तांब्याला तोंड कोणी लावलं? उष्टं म्हणजे काय, हे मी तुम्हाला परदेशात येऊन शिकवायचं? तुमच्या आजीने घर डोक्यावर घेतलं असतं. आमा एक शब्द बोलल्या नाहीत. तांब्या उचलला, बाहेर नेला, घासून आणला. गुंद्रुकची, त्या आंबवलेल्या पालेभाजीची वाटी समोर आली तेव्हा तुम्ही नाकाला रुमाल लावलात, हेही त्यांनी पाहिलं. आणि नंतर दाराआड जी बाकरवडी फुटली, तिचा आवाज मलाच नाही, सगळ्या घराला ऐकू आला.

आमांच्या मुलाला ‘बहादूर’ म्हणून हाक मारणारा कोण, ते मला माहीत आहे. उभा राहू नकोस, बस. सोसायटीच्या वॉचमनला तुम्ही तीच हाक मारता, त्याचं खरं नाव कधी विचारलंत का? तो याच डोंगरांतून आलेला असेल. इथे तुमच्यापेक्षा मोठ्या माणसाला दाइ म्हणायचं, बाईला दिदी. दोनच शब्द आहेत, पाठांतर लागत नाही.

आता त्या हसण्याबद्दल. ‘एवढ्या माणसांना एकच खोली?’ म्हणून हसलात ना? ऐका मग. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपाचा केंद्रबिंदू याच जिल्ह्यात, बारपाकजवळ होता. देशभरात सुमारे नऊ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या भिंती होत्या, त्या अंगावर आल्या. आपल्याकडे किल्लारीलाही तेच झालं, 1993 च्या 30 सप्टेंबरला. लोक विसर्जन आटोपून झोपले होते, आणि पहाटे चारच्या सुमाराला भिंती पडल्या. इथे दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली, आणि वार होता शनिवार, नेपाळातला सुट्टीचा वार. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण रिकाम्या. नाहीतर आज तुमच्याशी खेळायला येणाऱ्या पोरांचे थोरले भाऊ-बहीण दिसलेच नसते.

घर बांधायला सरकारने तीन लाख नेपाळी रुपये दिले, तेही तीन हप्त्यांत आणि नियमाप्रमाणे बांधलं तरच. आपले 1,87,500 होतात. एवढ्या किमतीचे फोन आत्ता या टोपलीत पडलेत. तेवढ्यात सिमेंट वर चढवायचं, गवंड्याची मजुरी द्यायची, तर किती खोल्या होणार? पुष्कळांनी एकच बांधली. भिंतीतून आडव्या गेलेल्या त्या पट्ट्या पाहून कोणीतरी ‘फिनिशिंग नाही’ म्हणालं. त्या पट्ट्या चारी भिंती एकत्र बांधून ठेवतात, म्हणून घर हलतं पण उघडून पडत नाही. परीक्षेत मार्कांसाठी ‘भूकंपरोधक रचना’ लिहिता, समोर आली तर ओळखू येत नाही!

आणि ते फोटो टाकलेलं स्टेटस. ‘गरीब बिचारी मुलं’, खाली रडके चेहरे. अरे, नेपाळी लिपी आपलीच आहे. आठवीतल्या त्या मुलीने तुझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि शब्दन्‌शब्द तिला कळला. मग ती तुमच्याबरोबर खेळायला का आली नाही, हे कोडं तुम्हालाच पडलं होतं. फोटो काढताना तिला विचारलं होतं? तिच्या आईला? तुझा असा फोटो कोणी तुझ्या शाळेत येऊन काढला असता तर तुझे बाबा थेट हेडमास्तरांच्या केबिनमध्ये असते. आत्ता, माझ्यासमोर, ते स्टेटस काढ.

‘बाई, आम्हाला वाळू उचलायला लावतात, शिकवायला कधी मिळणार?’ अशी तक्रारही कानावर आली आहे. आठ-दहा दिवसांत कोणाला काय शिकवणार आहात? इथे वर्षभर शिकवणारे मास्तर आहेत, आपण गेल्यावरही तेच असणार. काल तुम्ही रंगवलेली भिंत गवंडीदाइंनी आज घासून पुन्हा केली, कारण ओल्या गिलाव्यावर तुम्ही हौसेने रंग फासलात. म्हणजे त्यांचं काम आपण दुप्पट केलं. उद्यापासून ते सांगतील तेवढंच करायचं. वाळू म्हणाले तर वाळू.

आंघोळीला एक बादली, तीही स्वतः भरून आणलेली. बाकरवडीचे सगळे डबे मला आणून द्या, निम्मे आमांकडे जातील. ताटात पडेल ते खायचं, ताट आपलं आपण घासायचं. सकाळी सहाला धाऱ्यावर हजर. सहा म्हणजे इथले सहा. मनगटावरची घड्याळं पंधरा मिनिटं पुढे करा, भारतीय वेळेचा तो बहाणा मी आज शेवटचा ऐकला.