भाड्याचे घर आणि घरधन्याचा धर्म

देह हे भाड्याचे घर आहे, असे कीर्तनात सांगणे फार सोपे. आम्ही चाळीस वर्षे ते सांगत आलो. श्रोते माना डोलावतात, टाळकरी ताल धरतात, आणि दृष्टान्त पदरात पडला असे समजून सारे घरोघर जातात. परंतु मागे नेवासे तालुक्यातल्या एका सप्ताहात कीर्तन आटोपून आम्ही ओट्यावर टेकलो होतो, तेव्हा एक गृहस्थ जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बुवा, देहाचं ऐकलं. आता आमच्या माडीचं सांगा. वर दोन खोल्या बांधल्यात, कर्जाचा हप्ता चालू आहे, आणि चांगला भाडेकरू काही मिळत नाही. काय करावं?"

मंडळी हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक होते, आणि ते पोथीतून नव्हे, स्वतःच्या चुकीतून शिकलेले होते.

बारा वर्षांपूर्वी नगरात आमच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओल धरीत असे. वरच्या स्लॅबला तडा होता. दिवस वैशाखाचे, भिंत कोरडी ठणठणीत. गवंड्याने तडा काढून देण्याचा खर्च सांगितला. रंगारी म्हणाला, त्याच्या चौथाईत भिंत अशी गुळगुळीत करून देतो की कोणाला कळणारही नाही. आम्ही रंगाऱ्याला होकार दिला. दाराशी तुळशीची कुंडी ठेवली, उंबऱ्यावर रांगोळी काढवली, आत उदबत्ती लावली. एका इस्पितळात परिचारिका असलेली मुलगी आपल्या वृद्ध आईला घेऊन आली. घर पाहून दोघी प्रसन्न झाल्या. आम्ही अनामत मोजून घेतली.

पुढे आषाढीची वारी केली, पौर्णिमेचा काला घेऊन परत आलो, तो भिंत काळी पडलेली, आणि त्या भिंतीला लागून खाटेवर म्हातारी धापा टाकीत बसलेली. तिला आधीचाच दमा होता. मुलगी भांडली नाही. एवढेच म्हणाली, "बुवा, आधी सांगितलं असतं, तर आईची खाट मी दुसऱ्या भिंतीला लावली असती."

वाचकहो, हे वाक्य आम्हाला आजवर ऐकलेल्या कोणत्याही प्रवचनाहून जड गेले. खरे सांगितले तर भाडेकरू जाईल, या भयाने आम्ही भिंत झाकली. ती तर जाणारच नव्हती! तिला घर हवे होते. फक्त खाट कोठे लावायची, एवढेच समजायला हवे होते.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही म्हटले, "दादा, घर नटवणं वेगळं आणि घर राहण्याजोगं करणं वेगळं." गळती आधी काढावी, रंग मागून द्यावा. पाण्याची टाकी आतून घासून घ्यावी. कड्याकोयंडे, खिडकीचे गज, मोरीचा उतार, संडासाचे दार हे स्वतः हात लावून पाहावे. विजेचा मीटर वेगळा असावा, म्हणजे दरमहा आकड्यावरून मने कलुषित होत नाहीत. आणि वर चूलपाणी घेऊन आपण स्वतः एक रात्र राहून पाहावे. कोणता नळ गळतो, कोणत्या कोपऱ्यात उकडते, ते एका रात्रीत कळते. दुरुस्त होईल ते दुरुस्त करावे. होणार नाही ते तोंडाने सांगावे. नळाला किती दिवसांआड पाणी येते, हे आपल्या जिल्ह्यात कोणीही सांगितल्यावाचून घर दाखवू नये.

यावर कोणी म्हणेल, असे दोष सांगत बसलो तर भाडे उतरेल. उतरेल थोडे. पण जो उरेल तो समजून उमजून उरेल. फसून आलेला भाडेकरू पहिल्या पावसापासून घर शोधू लागतो. सांगून घेतलेला भिंतीशी आपली व्यवस्था लावून घेतो.

शास्त्रानेही हा व्यवहार क्षुद्र मानलेला नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात भाडेकऱ्याला 'अवक्रयी' म्हटले आहे. जा म्हटल्यावरही जो राहतो त्याला दंड, आणि भाडे देणाऱ्याला जो बळे बाहेर काढतो त्या मालकालाही दंड. मात्र भाडेकरू चोरी, मारहाण यांसारखे काही करील तर गोष्ट निराळी. वर्ष पुरे होण्याआधी जो आपण होऊन जाईल, त्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे. म्हणजे तराजूची दोन्ही पारडी धरली आहेत. आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणे मालकाकडे आहे. कलम २९ प्रमाणे त्याला पाणी, वीज तोडता येत नाही. आणि कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदलेला हवा, ती जबाबदारीही मालकाचीच. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरतात. तोंडी भरवशावर चालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता दुसरी गोष्ट, आणि ती सांगताना लेखणी अडखळते.

ती परिचारिका येण्याच्या आठ दिवस आधी एक तरुण आला होता. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, बायको आणि दोन मुले. त्याला जागा पसंत पडली, भाडे मान्य झाले. मग आम्ही आडनाव विचारले. नंतर गाव विचारले. नंतर गावात घर कोणत्या बाजूला, ते विचारले. उत्तरे ऐकली आणि म्हणालो, "जागा कालच दिली हो." तो सर्व समजला. "बरं माउली," म्हणाला, आणि निघून गेला. आमच्या गळ्यातली माळ पाहूनच तो माउली म्हणाला असेल. हाच वारीत भेटता, तर तो आमच्या आणि आम्ही त्याच्या पाया पडलो असतो.

या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या. जे सांगायला हवे होते ते आम्ही झाकले, आणि जे विचारायचे नव्हते ते खोदून विचारले. दोन्हींच्या मुळाशी भयच होते.

मग विचारायचे काय? घरात माणसे किती, काम काय, भाडे झेपेल का, आधी कोठे राहत होता, कागदपत्रे कोणती. पोलीस चौकीत नोंद करावी. एवढ्याने माणूस कळतो. वडिलांच्या आळीवरून तो कळत नाही.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जाताना अहिल्यानगरातून जाते. दिंडी उतरायची म्हणून गावोगावच्या बाया ओसरी झाडून घेतात, रांजण भरतात, आणि आल्या वारकऱ्याला म्हणतात, "बाबा, त्या कोपऱ्यात मुंग्या आहेत, इकडं पथारी टाका." आडनाव कोणी विचारत नाही, मुंग्या कोणी लपवीत नाही. घर कसे दाखवावे, याचा याहून सोपा पाठ आम्हाला ठाऊक नाही.

आणि नेवाशाच्या माणसाने तर हे विसरूच नये. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना आळंदीत वाळीत टाकले, ती भावंडे या गावी प्रवरेच्या काठी आली, तेव्हा त्यांना येथे जागा मिळाली. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली, येथेच ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे आपण मानतो, त्याला 'पैस' म्हणतात. पैस म्हणजे मोकळी, विस्तीर्ण जागा. त्या वेळी कोणी कुळ विचारून दार लावले असते, तर आज आपण काय वाचले असते?

त्या गृहस्थांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बुवा, आमच्या माडीचा जिना फार चढा आहे. तोही सांगायचा?" आम्ही म्हटले, "तो सगळ्यात आधी सांगा, आणि कठडा बसवून घ्या."

आमच्या भिंतीचे म्हणाल तर त्याच दिवाळीनंतर स्लॅब दुरुस्त केला. परिचारिकेचे सहा महिन्यांचे भाडे माघारी दिले. ती पुढे चार वर्षे आनंदाने राहिली. नागापूरच्या त्या तरुणाचे मात्र नाव-गाव एवढे खोदून विचारूनही त्याचा पत्ता घेण्याचे आम्हाला सुचले नव्हते. त्याचे देणे अजून आमच्याकडे आहे. त्याने हे वाचले, तर घर आमचे तेच आहे. दार उघडेच आहे.

रामकृष्णहरि.