जे कुजले नाही

चंद्रपूर शहराच्या कडेला पापामियाची टेकडी आहे. टेकडीचे नाव अलीकडचे. तिच्यावर सापडलेली दगडी हत्यारे हजारो वर्षांमागची, काही त्याहूनही फार जुनी. तिथे माणूस एकदा येऊन गेला असे नाही. तो पुन्हा पुन्हा आला. चांगली जागा आणि जवळचे पाणी यांची ओढ कोणत्याही भाषेपेक्षा जुनी आहे.

फुटलेला दगड आणि घडवलेला दगड यांतला फरक कळायला वेळ लागतो. घाव बसला तिथे छिलक्यावर लहानसा फुगवटा येतो. त्याच्या पुढे, पाण्यात खडा पडावा तशा बारीक लाटा असतात. एका घावाची अशी खूण निसर्गातही उमटू शकते. तोच घाव त्याच कडेला, त्याच अंतराने पुन्हा दिसला, की हात दिसतो. हेतू पुनरावृत्तीतून ओळखू येतो. एकदा केलेल्या गोष्टीवरून माणसाचे मन कळत नाही, चांगल्या गोष्टीवरूनही नाही.

असा एक छिलका माझ्या टेबलावर बरीच वर्षे आहे. तो उचलायला नको होता, हे उशिरा कळले. जागेवर तो पुरावा होता. टेबलावर तो दगड आहे. कुठे होता, किती खोल होता, शेजारी काय होते, एवढे हरवले की वस्तू मुकी होते. मुलांच्या शहरातल्या घरी आणून बसवलेली म्हातारी माणसे पाहिली की हे आठवते.

त्या काळाला आपण अश्मयुग म्हणतो. चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्याला हा शब्द अपुरा वाटतो. इथे बांबू आहे. बांबूची सुरी होते, बाण होतो, टोपली होते, पाण्याची नळी होते, भिंत होते, कोवळा असेल तर वास्त्यांची भाजी होते. इथल्या त्या माणसाने दगड घडवला तो बहुधा लाकूड आणि बांबू तासण्यासाठी. जगणे बांबूचे होते. पावसाने आणि वाळवीने ते सगळे मातीला दिले. उरला तो दगड, आणि युगाला त्याचे नाव मिळाले.

इतिहास म्हणजे जे घडले ते नव्हे. जे कुजले नाही ते.

काय उरावे याची निवड कुणाच्याच हाती नसते. वरोरा तालुक्यात पिसदुरा आहे. तिथे डायनोसॉरची हाडे मिळतात, आणि हाडांबरोबर त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. ते साडेसहा कोटी वर्षांहून जुने. २००५ मध्ये संशोधकांनी त्या शेणातून गवताच्या पेशींतले वाळूचे सूक्ष्म कण शोधून काढले. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते असा समज होता. पुढे त्यात भाताच्या कुळातल्या गवताच्याही खुणा निघाल्या. गवत जमिनीतून वाळूचा अंश शोषून पानात साठवते. धानाच्या बांधीत उतरलेल्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पाते हाताला कापते, ते त्या कणांमुळे. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी ही सगळी भाताची गावे. इथे ज्याला कुणी किंमत दिली नसती, त्या शेणाने भाताच्या घराण्याची सर्वांत जुनी साक्ष जपली.

पहिल्या नगरांची गोष्ट शिकताना आपण युफ्रेटिस, नाईल आणि सिंधू यांच्या काठी जातो. तिथे भाजलेली वीट आहे, कोरडी हवा आहे, मातीच्या पाट्या आहेत, म्हणून तिथले उरले. युफ्रेटिसकडच्या उरूक नगरात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्या पाट्यांवर लिहिणे सुरू झाले. बहुतेक पाट्या हिशेबाच्या. किती धान्य आले, कुणाला किती दिले. नगर वाढले, तसे धान्य घेणारा आणि देणारा एकमेकांना ओळखेनासे झाले. तेव्हा नोंद लागली. लेखनाच्या मुळाशी बुद्धी होती, आणि अनोळखीपणाही होता. चाळीस घरांच्या गावात कुणाकडे किती पायली येणे आहे, हे लिहून ठेवावे लागत नाही.

म्हणून नगर म्हणजे पुढे गेलेले आणि अरण्य म्हणजे मागे राहिलेले, ही मांडणी मला मान्य नाही. नगराने अनोळखी माणसांबरोबर राहण्याची रीत शोधली. ते मोठे काम होते. अरण्याने ओळखीच्या माणसांबरोबर आयुष्य काढण्याची रीत शोधली. तेही सोपे नाही.

नगर आणि अरण्य यांच्या मधलीही एक खूण आहे. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये चार प्राचीन धातुशिल्पे सापडली. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. चारही मिळून साठ किलोंहून जड, चाकांवर चालवण्यासाठी घडवलेली. झाडाचे खोड खणून काढताना ती हाती लागली. हत्ती आणि गेंडा ही अरण्याची जनावरे. त्यांना चाके लावण्याची इच्छा ज्याला झाली, तो अरण्यापासून थोडा दूर आलेला असणार. जे रोज दारात येते त्याची मूर्ती करावीशी वाटत नाही. मूर्तीसाठी मध्ये कुंपण लागते.

विदर्भात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी माणसांनी आपल्या मेलेल्यांभोवती दगडांची वर्तुळे रचली. माहुरझरी, जुनापाणी, टाकळघाट, नायकुंड ही नावे नागपूरकडची. अलीकडे चिमूर तालुक्यात हिरापूरला उभ्या शिळांवर आडवी शिळा ठेवलेली आहे. पलीकडे गडचिरोलीत चामोर्शीलाही अशी दफने आहेत. त्या लोकांच्या वस्तीचे थर मोजक्या जागी मिळाले. वर्तुळे मात्र शेकड्यांनी आहेत. राहती घरे कुडाची आणि गवताची होती, ती गेली. ज्याला पाऊस लागणार नव्हता, त्याच्यावर सर्वांत भक्कम छप्पर घातले गेले.

नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली आहे. तिच्यामुळे त्या काळच्या लोखंडाची किंमत कळते. धातुक दगड वेचून आणायचा, कोळसा पाडायचा, भाता हलवत राहायचे, आणि शेवटी हाती येणार तो एक ओबडधोबड गोळा. त्याला पुन्हा तापवायचे, ठोकायचे. इतक्या श्रमाची कुऱ्हाड मेलेल्याशेजारी ठेवून दिली जाई. माहुरझरीला घोडाही पुरलेला आहे, तोंडावर तांब्याचा साज चढवलेला. रान तोडायचे बाकी होते. कुऱ्हाड हवी होती. घोडा हवा होता. जे परवडते ते देणे हा व्यवहार झाला. शोक परवडत नाही तेच देतो.

ही वर्तुळे गवळ्यांची, असे जुने लोक सांगत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी रिव्हेट-कारनॅक जुनापाणीच्या दगडांपाशी आला, तेव्हाही लोकांच्या तोंडी गवळ्यांचेच नाव होते. कुठे गवळी, कुठे पांडव, कुठे राक्षस. पडक्या मोठ्या कामाला दूरचा कर्ता शोधण्याची रीत देशभर आहे. आपल्याच आजोबांच्या आजोबांनी एवढा दगड हलवला असेल, यावर विश्वास बसत नाही. दुसऱ्यांनी आपल्याला कमी लेखले, त्याची खंत आपण करतो. पूर्वजांना आपण कमी लेखले, ते ध्यानातही येत नाही.

भामरागडकडे माडिया माणसे आजही मृताच्या नावाने शिळा उभी करतात. त्यांच्याविषयी बोलताना अभ्यासू माणसेसुद्धा चटकन म्हणतात की तिथे महापाषाणयुग, म्हणजे त्या वर्तुळांचा काळ, टिकून आहे. हे वाक्य मला दुखावते. तो विधी तीन हजार वर्षांपूर्वीचा नाही. तो गेल्या उन्हाळ्यातला आहे. शिळा वाहून आणणाऱ्यांचे खांदे आजचे आहेत आणि मेलेला माणूस त्यांनी परवा पाहिलेला आहे. कुणाचे दुःख कोणत्या युगातले, हे ठरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. हिरापूरची शिळा ज्यांनी चढवली त्यांचे हे वंशज आहेत का, हा प्रश्न हाडांच्या आणि भाषांच्या अभ्यासकांचा आहे. मला एवढेच दिसते की दगड उभा करायला दोन्हीकडे अनेक माणसे लागली. एकट्याला उभा करता येईल इतका लहान दगड कुणी निवडला नाही.

त्या शिळेवर नाव कोरलेले नसते. गावाला ते ठाऊक असते. ज्या दिवशी गावाला ते आठवणार नाही, त्या दिवसापासून ती शिळा पुरातत्त्वाची होईल.

नागभीड तालुक्यात देवटेक आहे. तिथल्या शिळेवर मौर्यकाळच्या ब्राह्मीत एक लेख आहे. या भागातले लिहिलेले शब्द शोधत मागे गेले, की आपण या शिळेपाशी येऊन पोचतो. ती आज्ञा आहे. प्राण्यांना धरू नये, मारू नये. संशोधक वा. वि. मिराशींनी तिचा संबंध अशोकाच्या अधिकाऱ्यांशी जोडला. लेखातले चिकंबरी हे गाव म्हणजे जवळचे चिकमारा.

ही आज्ञा कुणी वाचली असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे. या रानात तेव्हा अक्षर कुणाला येत होते? शिकारीचे नियम मात्र अक्षराआधीचे होते. कोणत्या दिवसांत रानात जायचे नाही, गाभण मादीवर बाण का सोडायचा नाही, कोणते जनावर कोणत्या कुळाला वर्ज्य, हे अरण्यात राहणारी माणसे तोंडातोंडी चालवतात. लेख आला तो दूरच्या राजधानीतून. त्याच्यात करुणा होती हे मी मानतो. पण करुणेलाही इथे आज्ञा होऊनच यावे लागले, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नव्हते.

पुढे सुमारे सहाशे वर्षांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने त्याच शिळेवर दुसरा लेख कोरवला. तो संस्कृतात आहे, आणि त्याच गावातल्या धर्मस्थानाविषयी आहे. नवा दगड या मुलखात दुर्मीळ नव्हता. तरीही लिहिलेला दगडच निवडला गेला.

शिळा नागपूरच्या संग्रहालयात गेली. देवटेकच्या भोवतालच्या रानात वाघ आहे, आणि पावसाळ्यात बांध्यांतून रोवणी चालते. जुन्या लेखातली बरीच अक्षरे झिजली आहेत. मारणे आणि बांधणे, हे दोन शब्द अजून वाचता येतात.